एलईडीचा ड्रायव्हर लिहायचाय? आधी कॅप्सलॉकचा दिवा लावून बघा

लिनक्स असलेला लॅपटॉप समोर असेल तर टर्मिनल उघडा आणि /सिस/क्लास/लेड्स या डिरेक्टरीत काय आहे ते बघा. फाइली आणि फंक्शनची नावं मी इथं देवनागरीतच लिहितोय, टाइप करताना अर्थातच रोमन लहान अक्षरं. तर तिथं ‘इनपुट३::कॅप्सलॉक’ असं काहीतरी दिसेल, आकडा तुमच्याकडे वेगळा असेल. थिंकपॅड असेल तर ‘टीपीएसीपीआय’नं सुरू होणारी आणखी काही नावं सापडतील.

कॅप्सलॉकच्या फोल्डरमध्ये ब्राइटनेस नावाची फाइल आहे. रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) होऊन तिच्यात १ लिहा. कीबोर्डवरचा दिवा लागतो. आता काहीतरी टाइप करा. अक्षरं लहानच येतायत.

म्हणजे दिवा लागला, पण कॅप्सलॉक काही लागलं नाही. दिवा ही एक वस्तू आहे आणि त्यानं काय सांगायचं ही वेगळी गोष्ट आहे. कर्नलनं, म्हणजे लिनक्सच्या मुख्य प्रोग्रामनं, या दोन गोष्टी मुद्दाम वेगळ्या ठेवल्यात. एलईडीचा ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा कर्नलमधला कोड) लिहिताना नवखे लोक जिथं जिथं अडकतात (मीही अडकलोच होतो), तिथं बहुतेक वेळा या दोन गोष्टींचीच गल्लत झालेली असते.

त्याच फोल्डरमध्ये ट्रिगर नावाची फाइल आहे. ती वाचली की शब्दांची लांबलचक यादी येते आणि सध्या चालू असलेला शब्द चौकोनी कंसात दिसतो. तिच्यात ‘हार्टबीट’ लिहा. यादीत हा शब्द नसेल तर आधी ‘लेडट्रिग-हार्टबीट’ हे मॉड्यूल (चालू कर्नलला जोडता येणारा तुकडा) मॉडप्रोब या कमांडनं चढवा. कॅप्सलॉकचा दिवा आता धडधडायला लागेल: दोन ठोके, मग विसावा. शेजारच्या टर्मिनलमध्ये एखादं मोठं कंपाइल लावा, ठोके भराभर पडू लागतील, कारण हा ट्रिगर मशीनवरचा लोड बघून आपला वेग ठरवतो. कीबोर्डच्या ड्रायव्हरला यातलं काहीही ठाऊक नाही. त्याला कुणीतरी ‘लाव’ म्हणतं, मग ‘विझव’ म्हणतं, आणि तो ऐकतो.

खेळून झालं की ब्राइटनेसमध्ये ० लिहा. दिवा विझतोच, शिवाय ट्रिगरही सुटतो. हे कायम लक्षात ठेवा, नाहीतर पुढं कधीतरी ‘माझा ट्रिगर आपोआप का गेला’ म्हणून तासभर डोकं खाजवाल. कॅप्सलॉकचं काम पूर्ववत करायला ट्रिगरमध्ये ‘केबीडी-कॅप्सलॉक’ लिहायचं.

ही सगळी व्यवस्था कर्नलच्या २.६.१७ या आवृत्तीत, म्हणजे २००६ साली आली. रिचर्ड पर्डी यांनी ती लिहिली आणि तिच्यावर बसलेले पहिले ड्रायव्हर होते शार्पच्या झॉरस या हातातल्या कॉम्प्युटरचे. त्याआधी ज्यानं त्यानं आपापल्या बोर्डापुरती सोय केलेली असायची. आता ड्रायव्हरनं फक्त ‘दिवा कसा लावायचा’ ते सांगायचं. ‘कधी लावायचा’ हे ट्रिगर ठरवतो, नाहीतर वरून कुणी स्क्रिप्ट.

तेव्हा ड्रायव्हरच्या आत थ्रेड काढून तिथंच डोळे मिचकावायचा मोह होत असेल तर आवरा. बॉस म्हणाला ‘नेटवर्क असेल तेव्हा हिरवा मिचकव’, तरीही.

ड्रायव्हर लागतोय का, ते आधी बघा

एलईडी थेट प्रोसेसरच्या जीपीआयओ (सॉफ्टवेअरनं चालू-बंद करता येणाऱ्या) पिनला जोडलेला असेल तर काही लिहू नका. ‘लेड्स-जीपीआयओ’ हा ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे. डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावर काय कुठं जोडलंय ते कर्नलला सांगणाऱ्या वर्णनात) पाच-सहा ओळी घातल्या की झालं. पीडब्ल्यूएमच्या (भराभर चालू-बंद करून उजेड कमी-जास्त करणाऱ्या) पिनवर असेल तर त्यासाठीही तयार ड्रायव्हर आहे. आय-टू-सी (दोन तारांच्या बसवरून बोलणारी) चिप असेल तर कर्नलच्या ड्रायव्हर्स/लेड्स या फोल्डरमध्ये तिचा नंबर शोधा. बहुतेक वेळा सापडतो, किंवा त्याच घराण्यातली सख्खी बहीण तरी सापडते.

मग शिकायचं कशावर? मी सुचवेन एनएक्सपीची पीसीए९६३३. चार एलईडी चालवणारी साधी आय-टू-सी चिप आहे, माहितीपत्रक वाचवेल असं आहे, आणि रजिस्टरं (चिपच्या आतले मूल्यं ठेवायचे कप्पे) मोजकीच. तिचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आहेच, आणि म्हणूनच ती निवडली: आपण आपला वेगळा लिहायचा आणि शेवटी उत्तरपत्रिका उघडून ताडून बघायचं. आपल्या ड्रायव्हरचं नाव ठेवू ‘दिवली’.

रास्पबेरी पाय, एक ब्रेडबोर्ड, चार एलईडी, ३३० ओहमचे चार रेझिस्टर. हे किरकोळ सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत मिळून जातं. चिपचं तयार मॉड्यूल ऑनलाइन मागवलेलं बरं, कारण सुटी चिप इतकी बारीक असते की डाग देताना वैताग येतो.

हातात काहीच नसेल तर ‘यूलेड्स’ नावाचं मॉड्यूल आहे. ते चढवलं की युजरस्पेसमधून (कर्नलबाहेरच्या साध्या प्रोग्राममधून) खोटे एलईडी तयार करता येतात आणि ट्रिगर त्यांना काय सांगतात ते ऐकता येतं. ड्रायव्हर त्यावर लिहिता येणार नाही, पण ट्रिगरांचा स्वभाव कळतो.

कोड लिहिण्याआधी हातानं दिवा लावा

जोडणी सरळ आहे. पायची १ नंबरची पिन ३.३ व्होल्ट, ३ नंबर डेटा, ५ नंबर क्लॉक, ६ नंबर ग्राउंड. पायवर या दोन तारांना पुल-अप रेझिस्टर आधीच आहेत, वेगळे लावायला नकोत. एलईडीचा लांब पाय रेझिस्टरमधून ३.३ व्होल्टला, आखूड पाय चिपच्या आउटपुटला. म्हणजे चिप करंट आत ओढते तेव्हा दिवा लागतो.

पायवर आय-टू-सी चालू करून आयटूसीडिटेक्ट (बसवरच्या चिपांचे पत्ते दाखवणारी कमांड) चालवा. आठ पिनांच्या पीसीए९६३३चा पत्ता हेक्स ६२ असा ठरलेला आहे. पण तक्त्यात ७० सुद्धा दिसेल आणि वाटेल, ही दुसरी चिप कुठून आली? ती दुसरी चिप नाही. या घराण्यातल्या सगळ्या चिपांना एकदम हाक मारायचा तो सामाईक पत्ता आहे आणि वीज आल्याआल्या तो चालू असतो. तिकडे दुर्लक्ष करा.

आता माहितीपत्रकातल्या एवढ्या गोष्टी कागदावर उतरवून घ्या. रजिस्टर ०० म्हणजे मोड१. त्यातला बिट ४ हा झोपेचा, आणि वीज आली की चिप झोपलेलीच असते. रजिस्टर ०२ ते ०५ म्हणजे चार दिव्यांची चार पीडब्ल्यूएम मूल्यं, ० ते २५५. रजिस्टर ०८ म्हणजे एलईडीआउट, आणि सगळी गंमत इथंच आहे: या एकाच बाइटमध्ये चारही दिव्यांचे दोन-दोन बिट आहेत. ०० म्हणजे बंद, ०१ म्हणजे पूर्ण चालू, १० म्हणजे पीडब्ल्यूएमप्रमाणे, ११ म्हणजे पीडब्ल्यूएम अधिक सामाईक मिचकावणं. हा शेवटचा प्रकार तूर्त बाजूला ठेवा.

आयटूसीसेट ही कमांड वापरून तीन वेळा लिहायचं: ०० मध्ये ०१, म्हणजे चिप जागी होते. मग ०२ मध्ये हेक्स ४०, म्हणजे पहिल्या दिव्याला पाव उजेड. मग ०८ मध्ये ०२. पहिला दिवा मंद लागला पाहिजे. लागला नाही तर कोड लिहायला बसू नका, तारा तपासा. ‘कोडमध्ये चूक असेल’ म्हणत रात्र घालवायची आणि सकाळी एलईडी उलटा बसवलेला निघायचा, हे मी दोनदा केलंय.

आराखडा: एक चिप, चार दिवे

दोन स्ट्रक्चर हवीत. एक चिपसाठी: त्यात रेगमॅपचा, म्हणजे रजिस्टरं वाचण्या-लिहिण्याच्या कर्नलमधल्या सोयीचा, पॉइंटर आणि चार दिव्यांचा ॲरे. दुसरं दिव्यासाठी: त्यात कर्नलचं लेड_क्लासडेव्ह, त्या दिव्याचा क्रमांक आणि आपल्या चिपकडे परत जाणारा पॉइंटर. कर्नल तुम्हाला नेहमी लेड_क्लासडेव्हचा पॉइंटर देतं, तुम्ही कंटेनर_ऑफ (आतल्या भागावरून बाहेरचं स्ट्रक्चर शोधणारा मॅक्रो) वापरून आपल्या दिव्यापर्यंत आणि तिथून चिपपर्यंत पोचता.

ग्लोबल व्हेरिएबल एकही नको. ‘बोर्डावर एकच तर चिप आहे’ हे वाक्य बोर्डाच्या पुढच्या आवृत्तीपर्यंतच खरं असतं.

आय-टू-सीवर थेट लिहिण्याऐवजी रेगमॅप वापरा. रजिस्टरचा पत्ता ८ बिट, मूल्य ८ बिट, शेवटचं रजिस्टर कुठलं, एवढं सांगितलं की तो तयार. तो का हवा, ते पुढं येतंच आहे.

‘लाव’ म्हटल्यावर काय करायचं

ड्रायव्हरचा जीव या एका फंक्शनमध्ये आहे. लेड_क्लासडेव्हमध्ये त्यासाठी दोन जागा आहेत: ब्राइटनेस_सेट आणि ब्राइटनेस_सेट_ब्लॉकिंग. नावं जुळ्या भावांसारखी, म्हणून नवखा माणूस पहिलं दिसेल ते भरतो. मीही तेच केलं होतं.

माझा पहिला एलईडी ड्रायव्हर एका गेटवे बोर्डासाठी होता. ब्राइटनेस_सेटमध्ये आय-टू-सीवर लिहिणारी एक ओळ टाकली. हातानं फाइलीत २५५ लिहिलं, दिवा लागला. ० लिहिलं, विझला. दोन दिवस सगळ्यांना दाखवत फिरलो. तिसऱ्या दिवशी टेस्टिंगवाल्या मुलीनं ट्रिगर ‘टायमर’ केला आणि स्क्रीनभर ‘बग: शेड्यूलिंग व्हाइल ॲटॉमिक’ आणि खाली स्टॅकचा पाढा.

झालं होतं असं. फाइलीत हातानं लिहिता तेव्हा तुमचं फंक्शन एका साध्या प्रोसेसच्या वतीनं चालतं. ती थांबू शकते, झोपू शकते. टायमरच्या ट्रिगरचं तसं नाही. तो कर्नलच्या टायमरमधून, म्हणजे सॉफ्ट-इंटरप्टच्या संदर्भात हाक मारतो, आणि तिथं झोपायला सक्त मनाई. आय-टू-सीचा व्यवहार मात्र झोपल्याशिवाय होत नाही: बस मोकळी व्हायची वाट बघायची, बाइट जायची वाट बघायची. बंदी असलेल्या जागी आम्ही झोपलो आणि पकडले गेलो.

तेव्हा नियम असा. तुमचा दिवा मेमरीत मॅप केलेल्या रजिस्टरवर एका फटक्यात लागत असेल तर ब्राइटनेस_सेट. आय-टू-सी, एसपीआय, यूएसबी यांतलं काहीही मध्ये असेल, किंवा म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) घ्यावा लागत असेल, तर ब्राइटनेस_सेट_ब्लॉकिंग. तुम्ही फक्त दुसरी जागा भरलीत की हाक कुठूनही येवो, कर्नलचा एलईडीचा गाभा ती वर्कक्यूवर (नंतर करायच्या कामांच्या रांगेत) टाकतो आणि तुमचं फंक्शन झोपता येईल अशा ठिकाणी चालवतो. पूर्वी प्रत्येक ड्रायव्हर आपली वेगळी वर्कक्यू बाळगायचा. जुन्या कोडमध्ये तसं दिसलं तर त्याची नक्कल करू नका.

याचा एक परिणाम माहीत असू द्या. चिपची तार काढा आणि फाइलीत २५५ लिहा. लिहिणं यशस्वी होतं! कारण काम फक्त रांगेत लागलंय. चूक नंतर घडते आणि ती डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत), एलईडीचा ब्राइटनेस सेट करता आला नाही अशा अर्थाच्या ओळीत, एरर क्रमांकासकट येते. म्हणून तुमच्या फंक्शननं एरर प्रामाणिकपणे परत दिला पाहिजे. रेगमॅपनं जे दिलं तेच पुढं द्या, गिळू नका.

आता फंक्शनच्या आत काय? मूल्य ० आलं तर एलईडीआउटमधले त्या दिव्याचे दोन बिट ००. मूल्य २५५ आलं तर ०१, कारण पीडब्ल्यूएम २५५ म्हणजे २५६ भागांतले २५५च, पुरता उजेड नव्हे. फरक डोळ्याला दिसणार नाही, तरी पूर्ण म्हणजे पूर्ण. अधलंमधलं काही आलं तर आधी पीडब्ल्यूएमचं रजिस्टर लिहा आणि मग एलईडीआउट. क्रम उलटा केलात तर दिवा क्षणभर मागच्या वेळच्या उजेडानं चमकून मग बेतावर येतो. अंधाऱ्या खोलीत चांगलंच जाणवतं.

फाइल म्हणते २५५, दिवा विझलेला

त्याच गेटवेवरची दुसरी तक्रार. हिरवा दिवा सतत मिचकावत असायचा. बिघाड झाला की तांबडा लागायचा आणि लागूनच राहायचा. पण कधीमधी तांबडा लागायचाच नाही. फाइल वाचली तर २५५. दिवा मात्र काळा ठिक्कर. आम्ही एलईडी बदलला, डाग पुन्हा दिला, शेवटी बोर्डच बदललं.

दोष एलईडीआउटमध्ये होता. चौघांचे बिट एका बाइटमध्ये. हिरव्याचं काम एका सीपीयूवर चाललंय: त्यानं बाइट वाचला, आपले दोन बिट बदलले. एवढ्यात दुसऱ्या सीपीयूवर तांबड्याच्या कामानं तोच बाइट वाचला, आपले बिट बदलून लिहूनही टाकला. मग हिरव्यानं आपल्या हातातला शिळा बाइट लिहिला आणि तांबड्याचे बिट पुसले गेले. हिरवा असा चुकला तर पुढच्या ठोक्याला सुधारतो, कुणाला कळतही नाही. तांबड्याला एकदाच सांगितलेलं असतं. तो गेला तो गेलाच.

आणि फाइल २५५ का दाखवते? कारण आम्ही ब्राइटनेस_गेट दिलंच नव्हतं. ते नसेल तर कर्नल आपल्याला शेवटचं काय सांगितलं होतं तेच परत वाचून दाखवतं. चिपला विचारतच नाही.

उपाय एका शब्दाचा आहे: रेगमॅप_अपडेट_बिट्स. वाचणं, बदलणं, लिहिणं हे तिन्ही तो आपल्या कुलपाच्या आत करतो. कुठले बिट ते मास्कनं सांगायचं. दिव्याचा क्रमांक गुणिले दोन एवढं डावीकडे सरकवायचं. पीडब्ल्यूएमचं रजिस्टर ज्याचं त्याचं आहे, तिथं साधं रेगमॅप_राइट पुरे. पुढं कधी दोन सामाईक रजिस्टरं मिळून बदलायची वेळ आली, तर मात्र स्वतःचा म्युटेक्स घ्या. रेगमॅपचं कुलूप एकेका व्यवहारापुरतंच असतं.

प्रोबचा क्रम

प्रोबमध्ये, म्हणजे ड्रायव्हरला चिप मिळाल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये, मेमरी घ्या, रेगमॅप बनवा, चिपला जागं करा. जागं केल्यावर तिचा ऑसिलेटर (आतलं घड्याळ) सुरू व्हायला ५०० मायक्रोसेकंद लागू शकतात, तेवढं थांबा. मग एलईडीआउटमध्ये ० लिहून सगळे दिवे विझवा, म्हणजे सुरुवात ओळखीच्या जागेवरून होते. आणि सगळ्यात शेवटी दिवे नोंदवा.

नोंदणी शेवटीच, कारण डेव्हएम_लेड_क्लासडेव्ह_रजिस्टर चालतं त्याच क्षणी फाइल तयार होते आणि कुणीही तुमचं फंक्शन बोलावू शकतं. डिफॉल्ट ट्रिगर दिलेला असेल तर तो वाट बघत बसलेलाच असतो. अर्धवट तयारीच्या चिपवर पहिली हाक यायला नको.

मॅक्स_ब्राइटनेस २५५ भरा. जुन्या कोडमध्ये लेड_फुल, लेड_हाफ असले शब्द दिसतील. ते आता टाकाऊ समजा, कारण प्रत्येक चिपचं शिखर वेगळं असतं. दिवा नुसता चालू-बंद होणारा असेल तर मॅक्स_ब्राइटनेस १ ठेवा. उगाच २५५ ठेवून वापरणाऱ्याला मंद उजेडाची आशा दाखवू नका.

नावाबद्दल थोडं. नावाचा साचा ‘उपकरण:रंग:काम’ असा आहे. आपण पहिल्या खेपेला डिव्हाइस ट्री टाळतोय, म्हणून नाव कोडमध्येच द्या: ‘दिवली:ग्रीन:स्टेटस’, ‘दिवली:रेड:फॉल्ट’. डिव्हाइस ट्री वापराल तेव्हा प्रत्येक दिव्याच्या नोडमध्ये कलर आणि फंक्शन द्यायचं आणि नोंदणीचं ‘_एक्स्ट’ लावलेलं फंक्शन वापरायचं. त्याला तो नोड दिला की नाव कर्नल स्वतः बनवतं. ही सोय कर्नल ५.४ पासूनची आहे. पूर्वीचं ‘लेबल’ अजून चालतं, पण नव्या कामात वापरू नये. दोन दिव्यांचं नाव एकच निघालं तर कर्नल दुसऱ्याला ‘_१’ जोडून मोकळं होतं, आणि तुमची स्क्रिप्ट चुकीचा दिवा लावत बसते.

चढवा आणि चालवा

मेकफाइल दोन ओळींची, चालू कर्नलचे हेडर हवेत. मॉड्यूलचं लायसन्स जीपीएल लिहा, कारण एलईडीची नोंदणी करणारी फंक्शनं जीपीएल मॉड्यूललाच मिळतात.

जुने लेख बघून टाइप करत असाल तर इथं कंपाइलर ओरडेल. आय-टू-सी ड्रायव्हरचं रिमूव्ह (ड्रायव्हर सुटताना चालणारं फंक्शन) कर्नल ६.१ पासून काहीच परत देत नाही, आणि ६.३ पासून प्रोबला एकच आर्ग्युमेंट मिळतं, क्लायंट. आयडीचा दुसरा आर्ग्युमेंट गेला.

इनसमॉडनं मॉड्यूल चढवल्यावर काहीच घडत नाही, घाबरू नका. चिप तिथं आहे हे अजून कुणी सांगितलेलं नाही. /सिस/बस/आयटूसी/डिव्हाइसेस/आयटूसी-१ मध्ये न्यू_डिव्हाइस नावाची फाइल आहे, तिच्यात ‘दिवली’, एक स्पेस आणि हेक्स पत्ता ६२ (शून्य-एक्स लावून) लिहा. आयडी टेबलमधलं नाव जुळलं की प्रोब चालतो आणि /सिस/क्लास/लेड्समध्ये तुमचे चार दिवे येतात. पुसायला डिलीट_डिव्हाइस.

आता छळा

हातानं दिवा लागला म्हणजे ड्रायव्हर झाला असं नाही, हे वर दोनदा भोगून झालंय. शक्य असेल तर कर्नल डीबग_ॲटॉमिक_स्लीप आणि प्रूव्ह_लॉकिंग हे दोन पर्याय चालू करून बांधा. नको तिथं झोपणं आणि कुलपांचा उलटा क्रम हे ते लगेच पकडतात.

चारही दिव्यांना टायमर लावा, डीले_ऑन आणि डीले_ऑफ वेगवेगळे, ३० ते १०० मिलिसेकंदांत. एका पाचव्या टर्मिनलमधून त्यातल्याच एकाचा ब्राइटनेस बदलत राहा. दिवे मिचकावत असतानाच आरएममॉडनं मॉड्यूल उतरवा. मिचकावत असताना तार काढा आणि परत लावा. मशीन लटकलं नाही, स्टॅक छापला गेला नाही, तर बरं लिहिलंय.

आरएममॉडच्या वेळी एक खड्डा आहे. डेव्हएम (घेतलेलं आपोआप परत करणारी कर्नलची सोय) वापरून घेतलेल्या गोष्टी उलट्या क्रमानं सुटतात, पण तुमचं रिमूव्ह फंक्शन त्या सगळ्यांच्या आधी चालतं. आणि नोंदणी सुटताना कर्नल दिवा विझवायला सांगतं. तेव्हा चिपचा वीजपुरवठा तुम्ही रिमूव्हमध्ये तोडलात, तर ‘विझव’ ही हाक मेलेल्या चिपला जाते आणि डीमेसेजमध्ये एररची ओळ येते. वीज तोडण्याचं काम प्रोबमध्येच, दिवे नोंदवण्याआधी, डेव्हएम_ॲड_ॲक्शन_ऑर_रीसेटनं लावून ठेवा. मग आधी दिवे सुटतील, मग वीज जाईल. रिमूव्ह फंक्शन बहुधा लागणारच नाही.

मशीन झोपवताना दिवे विझावेत आणि उठल्यावर परत यावेत असं हवं असेल तर लेड_कोअर_सस्पेंडरिझ्यूम हा फ्लॅग पुरतो.

मिचकावणं चिपकडे सोपवायचं का?

पीसीए९६३३ स्वतः मिचकावू शकते. कर्नलमध्ये त्यासाठी ब्लिंक_सेट ही जागा आहे. टायमर ट्रिगर आधी तिथं विचारतो. तुम्ही एरर दिलात तर गाभा सॉफ्टवेअरनं मिचकावतो, वापरणाऱ्याला फरक कळत नाही. फायदा मोठा: प्रोसेसरला दर ठोक्याला उठावं लागत नाही, बॅटरीवरच्या उपकरणात हे मोलाचं.

पण या चिपमध्ये मिचकावण्याचं घड्याळ एकच आहे, चारही दिव्यांना मिळून. त्याचं रजिस्टर ०७: मूल्यात १ मिळवून २४ नं भागलं की आवर्तन सेकंदांत येतं, म्हणजे साधारण ४२ मिलिसेकंदांपासून १० सेकंदांच्या थोडं पुढं. हिरवा सेकंदाला एकदा मिचकावतोय आणि कुणी पिवळ्याला सेकंदाला पाचदा सांगितलं, तर हिरवाही पळायला लागेल. कर्नलमधल्या ड्रायव्हरनं यावर तोडगा काढलाय तो असा: हार्डवेअरचं मिचकावणं ‘एनएक्सपी,एचडब्ल्यू-ब्लिंक’ ही खूण डिव्हाइस ट्रीमध्ये असेल तरच. बोर्ड बनवणाऱ्यानं जबाबदारी घ्यायची.

माझं मत: पहिल्या आवृत्तीत ब्लिंक_सेट रिकामं ठेवा. नंतर घालाल तेव्हा तीन गोष्टी सांभाळा. दोन्ही वेळा ० आल्या तर आपल्या मनानं बऱ्या वेळा निवडून त्या पॉइंटरमध्ये भरून परत द्यायच्या. मागितलेला वेग चिपला जमत नसेल, किंवा दुसरा दिवा आधीच वेगळ्या वेगानं मिचकावत असेल, तर निमूटपणे इनव्हॅल एरर द्यायचा. आणि ब्राइटनेस ० आला की चिपमधलं मिचकावणं पुरतं थांबलंच पाहिजे.

तीन रंगांचा एकच एलईडी असेल, म्हणजे आरजीबी, तर तीन वेगळे दिवे नोंदवू नका. ५.९ पासून त्यासाठी मल्टीकलर क्लास आहे: रंगांचं प्रमाण एका फाइलीत, एकूण उजेड दुसरीत.

उत्तरपत्रिका

एवढं चाललं की कर्नलच्या सोर्समधली ‘लेड्स-पीसीए९६३एक्स.सी’ ही फाइल उघडा. चार, आठ आणि सोळा दिव्यांच्या चिपा तीच एक फाइल सांभाळते. आधी एलईडीआउटवर लिहिणारी जागा शोधा. तिथं रेगमॅप नाही, आय-टू-सीचे साधे कॉल आहेत आणि स्वतःचा म्युटेक्स आहे. तो म्युटेक्स कुठं घेतलाय आणि कुठं सोडलाय, त्या दोन ओळींवर बोट ठेवा आणि मधल्या प्रत्येक ओळीला विचारा, ही बाहेर काढली तर तांबडा दिवा जाईल का?